मर्ल ओबेरॉनच्या घरची मोलकरीण

२०२३च्या जानेवारीत ऑस्करची नामांकनं जाहीर झाली, तेव्हा मिशेल यो या अभिनेत्रीबद्दलच्या बातम्यांत एक अवघडलेली शब्दरचना वारंवार दिसत होती. प्रमुख भूमिकेसाठी नामांकन मिळवणारी 'पहिली आशियाई अभिनेत्री' असं सरळ न लिहिता कित्येक बातमीदार 'स्वतःची ओळख आशियाई अशी सांगणारी पहिली अभिनेत्री' असं लिहीत होते. ही कसरत कुणासाठी चालली आहे, ते माझ्यासारख्या जुन्या सिनेमावेड्याच्या लगेच लक्षात आलं. १९३६च्या ऑस्कर समारंभात 'द डार्क एंजल' या चित्रपटासाठी जिचं नाव पुकारलं गेलं होतं, ती मर्ल ओबेरॉन जन्मानं मुंबईची होती. फक्त ही गोष्ट तिनं जगाला कधी कळू दिली नाही.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते १९७४ साली, पुण्यात, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. विल्यम वायलरचा 'वदरिंग हाइट्स' होता. दारात हातात पडलेल्या सायक्लोस्टाइल कागदावर कलावंतांची माहिती होती आणि मर्ल ओबेरॉनपुढे 'जन्म : टास्मानिया, ऑस्ट्रेलिया' असं लिहिलेलं होतं. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला. पडद्यावरच्या कॅथीचं कपाळ, तिरके डोळे, हनुवटी पाहून मला आमच्या ओळीत राहणाऱ्या अँग्लो-इंडियन गार्डसाहेबांच्या थोरल्या मुलीची आठवण झाली. मध्यंतरात मी शेजारच्या मित्राला तसं म्हणालो. "तुला काय, सगळीकडे भुसावळच दिसतं," तो म्हणाला. मलाही ते पटलं. छापलेल्या कागदावर आपला विश्वास लवकर बसतो.

तो कागद लिहिणाऱ्याचा काही दोष नव्हता. त्या वेळी उपलब्ध असलेल्या बहुतेक सगळ्या कोशांत तसंच लिहिलेलं होतं. मर्ल १९७९च्या नोव्हेंबरात वारली आणि १९८३ साली चार्ल्स हायम आणि रॉय मोझली यांनी लिहिलेलं तिचं चरित्र आलं, तेव्हा मुंबईची गोष्ट चव्हाट्यावर आली. हायम हा लेखक तसा बेभरवशाचा. एरॉल फ्लिन नाझींचा हेर होता, असं त्यानं आधी एका पुस्तकात लिहिलं होतं आणि त्यावरून त्याची बरीच शोभा झाली होती. (हा एरॉल फ्लिन मात्र खरोखरच टास्मानियात, होबार्टला जन्मलेला.) त्यामुळे मर्लच्या बाबतीतही केवळ हायमच्या शब्दावर विसंबणं धोक्याचं होतं. पण पुढे कागदपत्रं निघाली, २००२ साली मारे डेलोफ्स्की या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिकेनं 'द ट्रबल विथ मर्ल' हा माहितीपट केला, आणि २०२५ साली मयूख सेन यांचं सविस्तर चरित्र आलं. आता मूळ गोष्टीबद्दल शंका उरलेली नाही.

ती गोष्ट अशी. १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत एक मुलगी जन्मली. नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन. वडील आर्थर थॉम्पसन हे रेल्वेत नोकरीला असलेले इंग्रज. आई म्हणून जिनं तिला वाढवलं ती शार्लट सेल्बी, मिश्र वंशाची, मूळची सिलोनची. पण जन्मनोंदीत आईच्या जागी शार्लटचं नाव नाही. तिथे आहे कॉन्स्टन्स, शार्लटची मुलगी. मर्ल जन्मली तेव्हा कॉन्स्टन्स स्वतःच अजून बाल्यातून बाहेर पडायची होती. शार्लटनं नात पदरात घेतली आणि तिला आपली मुलगी म्हणून जगापुढे आणलं. ज्या मोठ्या बहिणीला मर्ल बहीण समजत होती, ती तिची आई होती. मर्लच्या आयुष्यातलं पहिलं नाटक तिनं रचलेलं नव्हतं. ते तिच्या पाळण्याभोवती इतरांनी रचून ठेवलेलं होतं, आणि त्यामागे एका कोवळ्या पोरीवर झालेला अत्याचार होता. तिच्या खोटेपणाबद्दल बोलताना ही गोष्ट सहसा विसरली जाते.

थॉम्पसन पहिल्या महायुद्धात गेला. शार्लट आणि मर्ल काही वर्षं मुंबईत ओढगस्तीत राहून १९१७ साली कलकत्त्याला गेल्या. तिथे ला मार्टिनियरसारख्या नामांकित शाळेत मर्लला शिष्यवृत्ती मिळाली, पण वंशावरून होणाऱ्या टोमण्यांना कंटाळून तिनं शाळा सोडली. घरात सगळे तिला क्वीनी म्हणत. कलकत्त्यात तिनं टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली असं सांगतात. हौशी इंग्रजी मंडळींच्या नाटकांत ती पहिल्यांदा तोंडाला रंग लावून उभी राहिली. फिर्पोज या त्या काळच्या झगमगत्या रेस्तराँमध्ये ती जाऊ लागली आणि तिथे तिला बेन फिनी नावाचा एक अमेरिकन भेटला. एके रात्री तो तिला घरी सोडायला आला आणि दारात त्याला सावळी शार्लट दिसली. चरित्रकारांच्या म्हणण्याप्रमाणे प्रेमप्रकरण तिथेच आटोपलं. मात्र जाता जाता त्यानं नीसच्या स्टुडिओत काम करणारे दिग्दर्शक रेक्स इन्ग्रॅम यांच्याकडे तिची शिफारस केली. १९२८-२९च्या सुमारास मायलेकी, म्हणजे खरं तर आजी-नात, युरोपच्या बोटीत बसल्या.

इथे मला रूबी मायर्सची आठवण होते. पुण्यात १९०७ साली जन्मलेली, बगदादी ज्यू घराण्यातली मुलगी. तीही टेलिफोन ऑपरेटरच होती. मोहन भवनानींनी तिला सिनेमात यायला सांगितलं तेव्हा आधी तिनं साफ नकार दिला होता. मग आली, आणि 'सुलोचना' या नावानं मूकपटांच्या काळातली सगळ्यांत महागडी नटी झाली. तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त आहे, असं लोक म्हणत. १९२७च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'त तिनं आठ भूमिका केल्या. त्यांत पोलीस होता, माळी होता, हैदराबादी गृहस्थ होता आणि एक सोनेरी केसांची युरोपीय बाईसुद्धा होती. तिच्याच पिढीतली रेनी स्मिथ ही अँग्लो-इंडियन मुलगी 'सीतादेवी' झाली आणि हिमांशू राय यांच्या 'लाइट ऑफ एशिया'त गोपा म्हणून उभी राहिली. कुलीन घरच्या हिंदू-मुसलमान मुलींना सिनेमात येणं शक्य नव्हतं, म्हणून या मुली आल्या. येताना हिंदू नावं घेऊन आल्या. प्रेक्षकांना त्यांची मूळ नावं ठाऊक असत आणि त्यावरून कुणी गहजब केला नाही. बोलपट आल्यावर सुलोचनेनं वर्षभर काम थांबवून हिंदुस्थानी शिकून घेतली आणि १९३२च्या 'माधुरी'त ती बोलू लागली.

मुंबईत राहिली असती तर क्वीनी थॉम्पसन हीदेखील कुणी 'मालतीदेवी' झाली असती, असा विचार मनात येतो. पण ती पश्चिमेला गेली आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या वाटेवर नुसतं नाव बदलून भागणारं नव्हतं. तिथे कातडीच बदलावी लागणार होती. सुलोचनेला नवं नाव मिळालं तरी तिची आई तिची आईच राहिली. मर्लला ती सवलत नव्हती.

लंडनमध्ये तिला अलेक्झांडर कोर्डा भेटले. हंगेरीतून आलेले, स्वतःचं मूळ नाव टाकून दिलेले, चित्रपटाच्या व्यवसायातला प्रत्येक मुखवटा ओळखणारे गृहस्थ. त्यांच्या १९३३च्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ'मध्ये मर्लनं अ‍ॅन बोलीनची छोटी भूमिका केली. शिरच्छेदाला सामोरी जाणारी राणी. जेमतेम काही मिनिटं. पण ती मिनिटं लोकांच्या लक्षात राहिली. पुढच्या वर्षी 'द बॅटल'मध्ये ती जपानी उमरावाची पत्नी झाली, डॉन ह्वानच्या चित्रपटात स्पॅनिश नर्तकी झाली, आणि 'द स्कार्लेट पिंपर्नेल'मध्ये लेस्ली हॉवर्डची फ्रेंच पत्नी. तिचा चेहरा कुठल्याही परक्या देशाला चालत होता. तो कुठला आहे, हे मात्र ठरवून सांगायला हवं होतं. म्हणून टास्मानिया निवडण्यात आलं. का, तर ते ब्रिटिश होतं, गोरं होतं आणि लंडन-हॉलिवूडपासून इतकं लांब होतं की पडताळा घ्यायला कुणी जाणार नाही.

याच कोर्डांच्या कंपनीनं १९३७ साली 'एलिफंट बॉय' काढला. म्हैसूरच्या माहुताचा मुलगा साबू त्यातून जगप्रसिद्ध झाला. एका कंपनीनं हिंदुस्थानात जन्मलेले दोन तारे जगाला दिले. एकाचं हिंदुस्थानीपण फेटा बांधून, हत्तीवर बसवून विकलं आणि दुसरीचं पुसून टाकलं. साबूला तर दुसरं काही होण्याची मुभाच नव्हती. कोर्डांचा 'द ड्रम' १९३८ साली मुंबईत लागला तेव्हा त्यातल्या साम्राज्यस्तुतीविरुद्ध निदर्शनं झाली. साबू त्यात राजपुत्र होता. निदर्शनं करणाऱ्यांपैकी कुणाला कल्पना असेल, की याच कोर्डांशी पुढच्या वर्षी लग्न करणारी नटी याच शहरात जन्मलेली आहे?

मर्लनं हे सगळं हौसेनं केलं, गोरेपणाच्या मोहानं केलं, असा निवाडा आपल्याकडच्या लेखांत मी अनेकदा वाचला आहे. मला तो मान्य नाही. ती अमेरिकेत गेली तेव्हाचा कायदा बघायला हवा. १९१७च्या कायद्यानं हिंदुस्थानी माणसाला अमेरिकेत स्थायिक होण्याची दारं जवळजवळ बंद केली होती. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. हे १९४६पर्यंत चाललं, आणि तेव्हाही वर्षाला शंभर हिंदुस्थान्यांना प्रवेश मिळाला. सिनेमात १९३४पासून हेज संहिता कडकपणे लागू झाली. तिच्यात गोऱ्या आणि काळ्या वंशांतले संबंध दाखवायला बंदी होती, आणि व्यवहारात त्या बंदीची सावली इतर वंशांवरही पडत असे. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या अ‍ॅना मे वाँगला 'द गुड अर्थ'मधली चिनी नायिका मिळाली नाही. ती जर्मन-ऑस्ट्रियन लुईझ रायनरला मिळाली आणि तिला त्यासाठी ऑस्करही मिळालं. अशा ठिकाणी 'मी मुंबईची, माझी आई सावळी' असं सांगणं म्हणजे परतीचं तिकीट काढण्यासारखं होतं.

तिच्या कामाबद्दलही थोडं बोललं पाहिजे. तिच्याबद्दलच्या लेखनात जन्माचं रहस्य इतकी जागा खातं, की ती नटी कशी होती हे बाजूलाच राहतं. ती थोर अभिनेत्री होती असं मी म्हणणार नाही. आवाज पातळ होता आणि भावनेच्या टोकाला गेली की तो ताणला जाई. पण ऐकण्याचा अभिनय तिच्याइतका चांगला करणारे थोडेच. 'द डार्क एंजल'चा शेवट पाहावा. युद्धात आंधळा झालेला प्रियकर (फ्रेड्रिक मार्च) तिला ते कळू नये म्हणून खोलीतली प्रत्येक वस्तू कुठे आहे ते पाठ करून ठेवतो आणि दिसत असल्यासारखा वावरतो. ती समोर उभी आहे, त्याचं बोलणं ऐकते आहे, आणि काहीतरी चुकतंय हे हळूहळू तिच्या लक्षात येतं. ते 'लक्षात येणं' ती जवळजवळ काहीच न करता दाखवते. या एका प्रसंगासाठी नामांकन मिळालं असेल, तर योग्यच मिळालं. सोंग घेतलेला माणूस कसा वागतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

'वदरिंग हाइट्स'चं नामांकन तिला मिळालं नाही. लॉरेन्स ऑलिव्हिएला मिळालं. ऑलिव्हिएला कॅथीच्या भूमिकेत व्हिव्हियन ली हवी होती आणि ती दार्जिलिंगची जन्मलेली! म्हणजे यॉर्कशरच्या माळरानावरची ती कॅथी कुठल्याही वाटेनं हिंदुस्थानातूनच येणार होती. पण खरी गंमत पुढे आहे. एमिली ब्राँटेच्या कादंबरीत हीथक्लिफ सावळा आहे. लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला हा पोरगा एखाद्या लष्कराचं, म्हणजे पूर्वेकडून जहाजावर आलेल्या खलाशाचं मूल असेल, असा तर्क त्यात केलेला आहे. तुझी आई हिंदुस्थानातली राणीही असेल, अशी त्याची समजूत घरातली जुनी नोकर नेली काढते. चित्रपटात हा हीथक्लिफ झाला गोरापान ऑलिव्हिए, आणि जिच्या रक्तात खरोखर ती पूर्व होती, जिचं घरचं नावच क्वीनी होतं, ती झाली गोरी कॅथी. १९७४ साली मी पुण्यात पाहत होतो ते हे. मला फक्त भुसावळ दिसलं.

हा गोरेपणा रोज नव्यानं उभा करावा लागत असे. १९३७ साली लंडनमध्ये तिच्या मोटारीला अपघात झाला, चेहऱ्याला जखमा झाल्या आणि जोसेफ फॉन स्टर्नबर्ग दिग्दर्शित करत असलेला 'आय, क्लॉडियस' अर्धवट सोडून देण्यात आला. पुढे प्रसाधनं आणि औषधं बाधून त्वचा आणखी बिघडली, तिच्यावर वेदनादायक उपचार झाले. १९४४च्या 'द लॉजर'च्या वेळी छायाचित्रकार ल्यूसियन बॅलर्डनं कॅमेऱ्याला अगदी लागून बसवायचा एक दिवा तयार केला. समोरून पडणाऱ्या त्याच्या प्रकाशात चेहऱ्यावरचे व्रण नाहीसे होत आणि वर्णही उजळे. त्या दिव्याला तिच्या नावावरून 'ओबी' म्हणतात; सिनेमावाल्यांत तो शब्द अजून आहे. पुढच्या वर्षी तिनं कोर्डांपासून घटस्फोट घेऊन बॅलर्डशी लग्न केलं. रंगभूमीवर हे प्रश्न उद्भवले नसते. बालगंधर्व पुरुष आहेत हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होतं आणि तरी भामिनी पडद्याबाहेर येताच तो ते विसरत असे. नाटकाचा प्रेक्षक या फसवणुकीत सामील असतो. कॅमेरा चार बोटांवरून कातडी बघतो आणि त्याला सामील करून घेता येत नाही.

आणि घरात शार्लट होती.

लंडनमध्ये मर्लकडे पाहुणे येत तेव्हा एक सावळी म्हातारी चहा घेऊन येई. ही जुनी हिंदुस्थानी मोलकरीण आहे, असं पाहुण्यांना सांगितलं जाई. झाडून सगळे चरित्रकार हे सांगतात. आईला मोलकरीण म्हणून उभं करणारी मुलगी म्हणून मर्लवर लोकांचा सगळ्यांत जास्त राग आहे तो इथे. मला मात्र दोघींचं आधीचं आयुष्य आठवतं. नातीला मुलगी म्हणून वाढवायचं सोंग शार्लटनं अठरा-वीस वर्षं वठवलं होतं. त्या सोंगामुळे दोन मुलींची अब्रू वाचली होती. आता त्याच मुलीसाठी तिनं दुसरं सोंग घेतलं. तिला ते अपमानाचं वाटलं, की सवयीचं, हे कुठल्याच कागदात सापडणार नाही.

आमच्या भुसावळचे ते गार्डसाहेब १९६४च्या सुमारास कुटुंबासह ऑस्ट्रेलियाला गेले. तेव्हा तिकडे अर्ज करणाऱ्या अँग्लो-इंडियन माणसाला आपण वंशानं, दिसण्यानं, वागण्यानं युरोपीय आहोत हे दाखवावं लागे. गार्डसाहेब, त्यांची बायको, तिन्ही मुली उजळ होत्या. साहेबांची आई नव्हती. ती मागे राहिली. 'तिला बोट लागते,' असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. पर्थहून आलेली पत्रं ती माझ्या वडिलांकडून वाचून घेत असे, कारण तिला दिसत नव्हतं. मी दारात उभा राहून ऐकायचो. पत्रांत घराचं, मोटारीचं, हवेचं वर्णन असे. तिला बोलावून घेण्याबद्दल कधीच काही नसे. वडील वाचून झालं की स्वतःच्या पदरचं एखादं वाक्य जोडत. मर्लचं चरित्र वाचताना मला शार्लटपेक्षा जास्त वेळा तीच दिसत राहिली, आणि त्यामुळेच कदाचित मला मर्लचा पुरेसा राग येत नाही. हे संशोधकाला शोभणारं नाही, हे मान्य.

आता आपल्याकडची वर्तमानपत्रं मर्लला 'ऑस्करपर्यंत पोचलेली पहिली भारतीय' म्हणून अभिमानानं मिरवतात. ती हयात असताना तिच्यासारख्यांना आपण कुठे आपलं म्हणत होतो? इंग्रज त्यांच्या उच्चारांना 'चीची' म्हणून हिणवत आणि आम्ही पोरं कॉलनीत तेच उच्चार करून त्यांच्या मुलींना चिडवत होतो. सुलोचनेला १९७३ साली दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, तेव्हा ती कोण, हे तरुण पत्रकारांना सांगावं लागलं. त्याच वर्षी मर्लचा शेवटचा चित्रपट आला.

१९७८ साली मर्ल पतीबरोबर ऑस्ट्रेलियात गेली आणि होबार्टच्या नगरभवनात गावच्या कन्येचा सत्कार ठरला. आयुष्यभर जे गाव ती आपलं म्हणत आली, तिथे लोक तिच्या बालपणीच्या आठवणी घेऊन उभे होते, तिच्या घराण्याच्या कथा सांगायला तयार होते. तिची प्रकृती बिघडली आणि ती समारंभ सोडून निघून गेली. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात मॅलिबूला तिचा मृत्यू झाला.

त्याआधी केव्हातरी कॉन्स्टन्सच्या एका मुलानं मुंबईच्या सरकारी दफ्तरातून तिची जन्मनोंद शोधून काढली होती. तोवर तो मर्लला मावशी समजत होता. नोंद वाचल्यावर त्याला कळलं, की ती आपली बहीण आहे. तो तिला भेटायला लॉस एंजेलिसला गेला. तिनं भेट नाकारली.

शार्लट १९३७ साली वारली होती, अपघाताच्याच वर्षी. बारा वर्षांनी, १९४९मध्ये, मर्लनं तिच्या एका जुन्या फोटोवरून चित्रकाराकडून तिचं तैलचित्र करून घेतलं आणि रंग उजळ ठेवायला सांगितलं. हॉलिवूड, मेक्सिको, मॅलिबू, जिथे जिथे ती राहिली तिथल्या भिंतीवर ते चित्र होतं. पाहुणे विचारत, तेव्हा ती सांगत असे, ही माझी आई.